दाखवला एक रॉड, पाठवला दुसरा: पॉवरलिफ्टिंगचा रॉड घेताना झालेली फसवणूक

कोल्हापुरात आमची छोटी जिम आहे. स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट हे पॉवरलिफ्टिंगचे तीन प्रकार, हेच आमचं मुख्य काम. गेल्या वर्षी नवीन पॉवरलिफ्टिंग रॉड घेतला आणि त्यात आमची सरळसरळ फसवणूक झाली. प्रकरण अजून मिटलेलं नाही, म्हणून विक्रेत्याचं नाव देत नाही. पण हा प्रकार कसा चालतो ते जिम चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, कारण शेवटी तो रॉड आपल्या पोरांच्या पाठीवर जातो.

दुकानात ठेवलेला रॉड आम्ही नीट तपासला होता. जाडी व्हर्नियरने 29 मिमी, वजन 20 किलो, कॉलरमधलं (प्लेट जिथे अडतात त्या दोन कड्यांमधलं) अंतर 1.31 मीटर, म्हणजे आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या मापात बसणारा. नर्लिंग, म्हणजे पकडीसाठीचे खरबरीत काप, हाताला धरून ठेवणारं, मध्येही नर्लिंग. स्लीव्ह, म्हणजे प्लेट चढवायची टोकाची फिरती नळी, फिरवली तर टोक जराही डुलत नव्हतं. भरपूर वजन चढवून उतरवलं, दांडा सरळच. स्टिकरवर पोलादाची ताकद 1,90,000 पीएसआय (ताण मोजायचं एकक). पैसे भरले. विक्रेता म्हणाला, "साहेब, हा डिस्प्लेचा पीस आहे, तुम्हाला गोडाऊनमधून पॅकबंद पाठवतो."

आला तो हुबेहूब तसाच. माप तेच, वजन तेच, क्रोमची चमक तीच, स्टिकरही तोच. बदललं होतं फक्त आतलं पोलाद, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

काही आठवड्यांनी आमचा एक मुलगा 210 किलोचा स्क्वॉट मारत होता. वजन रॅकवर ठेवून तो म्हणाला, "दादा, रॉड पाठीवर आपोआप फिरतोय." प्लेट काढल्या, रिकामा रॉड रॅकवर ठेवला, दांड्याच्या मधोमध खडू अगदी जवळ धरला आणि दांडा हळूहळू फिरवला. अर्ध्या फेऱ्यात खडूची रेघ उमटली, उरलेल्या अर्ध्यात दांडा खडूपासून चांगला लांब गेला. वाकलेला रॉड असा हातात, पाठीवर स्वतःहून वळायला बघतो. बेंच मारताना, वजन छातीच्या वर असताना तो मनगटात वळला असता तर काय झालं असतं, या विचाराने मला आजही राग येतो.

आता पोलादाचं सांगतो, कारण विक्रेते नेमका इथेच घोळ घालतात. पीएसआयचा जो आकडा छापतात तो टेन्साइलचा, म्हणजे ताणून तुटेपर्यंतचा. रॉड तुटायच्या कितीतरी आधी कायमचा वाकतो. ती मर्यादा वेगळी, तिला यील्ड म्हणतात, आणि ती स्टिकरवर सहसा कुणी छापत नाही. "हाय टेन्साइल आहे म्हणून कडक आहे" हे वाक्यही खोटं. वजनाखाली रॉड किती लवेल हे पोलादाच्या ग्रेडवर जवळपास अवलंबून नसतं, ते जाडीवर असतं. 28 ऐवजी 29 मिमी दांडा घेतला की ताठपणा सुमारे 15 टक्क्यांनी वाढतो, मग पोलाद कुठलंही असो. चांगलं पोलाद एवढंच करतं की लवलेला रॉड पुन्हा सरळ होतो. म्हणूनच हलका माल पहिल्या दिवशी ओळखू येत नाही.

हिशेब साधा आहे. 210 किलोच्या स्क्वॉटमध्ये एका बाजूला 95 किलोच्या प्लेट. पाठीच्या आधारापासून प्लेटपर्यंत साधारण 55 सेंटीमीटर धरलं तर 29 मिमी दांड्यात 200 मेगापास्कलच्या (हेही ताणाचंच एकक) थोडा वर ताण येतो, तोही वजन स्थिर असताना. खालून उसळी मारून वर येताना तो आणखी वाढतो. साध्या पोलादाची यील्ड 250 ते 300 मेगापास्कलच्या आसपास. म्हणजे असा रॉड वाकणारच होता, प्रश्न फक्त कधी एवढाच.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "तुमच्या पोरांनी आपटला असेल." मग व्हॉट्सॲपवर टेस्ट सर्टिफिकेट पाठवलं. ते ईएन 24 या मिश्र पोलादाच्या ग्रेडचं होतं, पण 40 मिमी जाड कच्च्या सळईचं, आणि अवस्था लिहिली होती 'ॲनील्ड', म्हणजे मऊ केलेली. ईएन 24 उत्तम पोलाद आहे यात वाद नाही, पण पाणी दिल्याशिवाय, म्हणजे तापवून, झटकन थंड करून कडक करणारं हार्डनिंग-टेम्परिंग केल्याशिवाय, त्या नावाला काही अर्थ नाही. शिवाय आमच्या रॉडवर हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या ओतीव घाण्याचा क्रमांक, कुठेच नव्हता, त्यामुळे ते सर्टिफिकेट याच रॉडचं कशावरून?

आम्ही रॉड शिरोलीतल्या एका लॅबमध्ये नेला. हार्डनेस, म्हणजे कठीणपणा, आली 170 ब्रिनेल (कठीणपणाचं माप). त्यावरून टेन्साइल सुमारे 590 मेगापास्कल निघते. स्टिकरवरचे 1,90,000 पीएसआय म्हणजे 1,310 मेगापास्कल, त्यासाठी हार्डनेस 380 च्या घरात हवी. निम्म्याहूनही कमी! हार्डनेसची चाचणी स्वस्त असते, दांड्यावर बारीक खळगा पडतो, बाकी नुकसान काही नाही. मोठी ऑर्डर देणाऱ्याने ती माल आल्याआल्या करून घ्यावी, आणि दुकानात पसंत केलेल्या पीसवर स्वतःची खूण करून तोच उचलून आणावा.

बिलावर फक्त 'जिम रॉड' असं लिहून देत असतील तर घेऊ नका. जाडी, यील्ड, हार्डनेस, हीट ट्रीटमेंट, सगळं बिलावर मागा. खरा माल असलेला माणूस लिहून देतो. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. मात्र जिमसाठी घेतलेला माल 'व्यावसायिक वापर' म्हणून समोरचा वकील अडवू शकतो. जिम हे तुमचं स्वतःच्या पोटापाण्याचं साधन असेल तर कायद्यात त्याला सूट आहे, तो मुद्दा तक्रारीतच स्पष्ट लिहा.

आणि "रॉड परत पाठवा, बदलून देतो" असं कितीही गोड बोलले तरी लॅबचा रिपोर्ट आणि फोटो हातात येईपर्यंत रॉड देऊ नका. आमच्याकडे त्यांनी तीनदा मागितला. तो एकमेव पुरावा आहे.