पहिली फ्रेम: पक्षी की नकाशा?

टपाल तिकिटांच्या प्रदर्शनासाठी पहिली फ्रेम, म्हणजे मांडणीची एक चौकट: ए-फोरची १६ पानं, माल घरचाच. इथवर आलं की पेच पडतो तो एकच: थीमॅटिक (एखाद्या विषयाची गोष्ट सांगत) मांडायचं की ट्रॅडिशनल (एकाच मालिकेचा अभ्यास म्हणून)? बहुतेकांच्या डब्यात सापडतील असे दोन विषय घेऊ. एकीकडे पक्षी, दुसरीकडे १९५७ची भारताच्या नकाशाची नये पैसे मालिका.

बघायला पक्षीच छान, यात वाद नाही. नकाशाच्या मालिकेत चित्र एकच. बदलतात ते रंग आणि किंमत. पण सादरीकरणाला दोन्ही वर्गांत १०० पैकी जेमतेम ५ गुण. थीमॅटिकमध्ये ३५ गुण शीर्षक, प्लॅन (पहिल्या पानावरची विषयांची यादी), विस्तार आणि नावीन्य यांचे असतात, आणि खरी कटकट तिथेच आहे.

‘पक्षी’ हा विषय १६ पानांत मावत नाही, म्हणून ‘स्थलांतर करणारे पक्षी’ असा आटोपशीर करायचा. प्लॅनमध्ये मग ‘परतीचा प्रवास’ अशी एक ओळ येते. तिथे मिंट, म्हणजे न वापरलेल्या, तिकिटांच्या रांगा लावल्या की पान अल्बमचं वाटतं. एखादं मीटर फ्रँकिंग (तिकिटाऐवजी यंत्राने उमटवलेला शिक्का), छापील तिकिटाचं पोस्टकार्ड किंवा खरोखर टपालातून गेलेलं कव्हर, म्हणजे पाकीट, हवं. पण कुठल्या देशाचं, कोणत्या काळातलं? आपल्यालाच ठाऊक नाही, तर डीलरकडे काय मागणार? ती ओळ गाळावी, तर प्लॅनचं पान बदलतं आणि पुढची पानं सरकतात. भर म्हणून देशांच्या नावावर खपवलेली बेकायदा लेबलं पक्ष्यांच्या विषयात फार; चुकून एक जरी लागलं तरी परीक्षकाची नजर आधी तिथेच जाते.

नकाशात मात्र रिकाम्या जागेला नाव असतं. ‘९० नये पैसे, तारकांचा वॉटरमार्क, वापरलेलं’ एवढी चिठ्ठी डीलरला पुरते (वॉटरमार्क म्हणजे तिकिटाच्या कागदातच असलेली फिकट खूण). मला वाटतं, पहिल्या खेपेला हा फरक फार मोठा आहे.

नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसची ही छपाई तशी साधी, पण १६ पानं भरतील इतका मजकूर तिच्यात आहे. सुरुवातीच्या तिकिटांवर तारकांचा वॉटरमार्क, १९५८पासून अशोकस्तंभाच्या शीर्षाचा. म्हणजे दोन प्रकरणं आयती. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, २ आणे म्हणजे साडेबारा नये पैसे झाले, म्हणून मालिकेत १३चं विचित्र तिकीट. आण्यांची आणि नये पैशांची तिकिटं एकत्र लावलेली पाकिटं मिळाली तर तिसरं प्रकरण तयार. ती खरी टपालाची हवीत. एफडीसींची, म्हणजे तिकीट निघालेल्या पहिल्या दिवसाच्या पाकिटांची, चळत इथे फार उपयोगाची नाही.

वॉटरमार्क ओळखण्यात हमखास चुका होतात. तिकिटं फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापलेली आहेत, त्यामुळे बेंझिन वापरू नये, शाई खराब होऊ शकते. पाकिटाच्या तुकड्यावरून पाण्यात सोडवलेलं तिकीट ओलं असतानाच काळ्या ट्रेमध्ये पालथं ठेवून पाहावं. मिंट तिकीट पालथं धरून तिरप्या उजेडात फिरवावं. पाकिटावर चिकटलेल्याचं मात्र खात्रीने सांगता येत नाही. शिक्क्याच्या तारखेवरून फार तर अंदाज, आणि मजकुरात तो अंदाज म्हणूनच लिहावा. मागची बाजू दाखवायला फोटोकॉपी चालते, पण मूळ आकारापेक्षा किमान २५ टक्के लहान किंवा मोठी, म्हणजे ती खरी वाटणार नाही.

मिंटला हिंज (मागे चिकटवायची कागदी पट्टी) नको, माउंट (तिकीट ठेवायचा पारदर्शक खिसा) लावा. वापरलेल्याला चांगलं हिंज पुरतं. मजकूर आधी छापायचा, तिकिटं शेवटी.

आता, ज्याच्याकडे पक्ष्यांची मीटर फ्रँकिंग आणि जुनी पोस्टकार्डं दहा वर्षांपासून साठलेली आहेत, त्याने माझं ऐकू नये. त्याच्या रिकाम्या जागा आधीच भरलेल्या आहेत. बाकीच्यांनी मात्र डब्यातले वापरलेले नकाशे आज रात्री ओले करून काळ्या ट्रेमध्ये पालथे ठेवून पाहायला हरकत नाही.