दाभोळ ते हेदवी : लहान बोटीवरचे तीन दिवस

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थीला दाभोळच्या धक्क्यावरून निघणाऱ्या, जेमतेम बारा प्रवाशांच्या बोटीने आम्ही उभयतांनी वाशिष्ठीची खाडी आणि हेदवीपर्यंतचा किनारा पाहिला. वन्यजीव दाखवण्याच्या बाबतीत ही सफर मला मनापासून आवडली. किनाऱ्यावरील पदभ्रमणाच्या बाबतीत मात्र आयोजकांकडून मोठी चूक झाली.

पहिल्या सकाळी मतलई वारा अजून वाहत असतानाच अंजनवेलच्या गोपाळगडासमोर, खाडीच्या मुखाशी डॉल्फिन दिसले. पाठीवरच्या पराखाली उंचवटा असलेले हे हम्पबॅक डॉल्फिन उथळ पाण्यात, किनारा धरून राहतात, त्यामुळे पर्यटकांच्या होड्यांचा त्रासही त्यांनाच अधिक होतो. कळपाला घेरून पाठलाग करणाऱ्या होड्या मी इतरत्र पाहिल्या आहेत. आमच्या तांडेलांनी, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखांनी, बरेच अंतर राखून इंजिन बंद केले आणि कोणी बोलू नये एवढेच सांगितले. काही मिनिटे नुसते पाणी हलत होते. मग डाव्या अंगाला जोरात श्वास सोडल्याचा आवाज आला, ओली करडी पाठ वर आली आणि तिला बिलगूनच एक पिल्लू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ज्यांना पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे, त्यांना पाहण्याची हीच रीत असायला हवी.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला खाडीत आत गेलो. चिखलाचे काठ उघडे पडल्याशिवाय मगरी उन्हाला येत नाहीत, हे तांडेलांना ठाऊक असल्याने साडेनऊच्या सुमारास आम्ही नेमके त्या काठासमोर होतो. जबडा उघडून पडलेल्या मगरीच्या पाठीवरचा चिखल वाळून पांढुरका झाला होता, आणि तिच्यापासून जरा दूर कांदळवनाच्या श्वसनमुळांमध्ये निवट्या (चिखलावर वावरणारे छोटे मासे) उड्या मारत होत्या. जेवण साधे आणि चांगले होते. शिडी मात्र ज्येष्ठांना अवघड जाते.

तक्रार तिसऱ्या दिवसाची आहे. हेदवीला खडपावरून (समुद्रकाठच्या खडकाळ पट्ट्यावरून) दोन तासांची चाल आणि त्यानंतर लगेच बामणघळ, म्हणजे तिथल्या कातळातली अरुंद घळ, असे दुपारचे वेळापत्रक छापील पत्रकात होते. खडपावरून चालायला ओहोटी लागते. घळीत लाट घुसून पाणी उंच उसळायला भरती लागते. दोन्हींमध्ये सुमारे सहा तासांचे अंतर असते. आम्हाला साडेतीनला उतरवले तेव्हा खडप बुडत चालले होते, वीस मिनिटांत परत फिरावे लागले, आणि कालवांचे शिंपले चिकटलेल्या कातळावर घाईने पाय टाकताना एका सहप्रवाशाचा तळवा चिरला. बामणघळीचे पाणी अप्रतिम उसळले, पण ज्या चालीसाठी आम्ही मुख्यतः पैसे भरले होते, ती झालीच नाही. खाडीत मगरींसाठी ओहोटी अचूक साधणाऱ्या मंडळींनी प्रवाशांच्या पायांसाठी तीच काळजी घेऊ नये, याचे मला वाईट वाटले.

कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढतात : आमचा तिसरा दिवस षष्ठीचा, सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे आमची दुपार भरतीचीच होती. जाणाऱ्यांनी हेदवीचा दिवस द्वितीया ते चतुर्थी यांपैकी मागून घ्यावा. त्या दिवसांत ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते, तेव्हा खडपावरची चाल करावी, आणि बामणघळ दुपारच्या भरतीला पाहावी. आरक्षणाच्या वेळी हा क्रम आयोजकांकडून लिहून घ्यावा.