ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली पायी सहल: गाईड चांगला, पण पाटीलबाबा कुठे?

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलीच. पुण्याहून भाचेसून मुलांना घेऊन आली म्हणून महाराज बाड्यावरून, म्हणजे इथल्या मुख्य चौकातून, निघणारी सकाळची पायी सहल ठरवली. गाईड पोरगा वेळेवर हजर, आवाज खणखणीत. ऊन चढायच्या आत बाडा, गोरखीचा जुना राजवाडा सगळं नीट दाखवलं. पानिपतावर पायाला जखम झालेल्या महादजी शिंद्यांना राणेखान या भिस्त्यानं (पाणक्यानं) बैलावर घालून कसं बाहेर काढलं आणि पुढे महादजी त्याला 'भाई' कसे म्हणत, ते त्यानं असं रंगवलं की पोरं मोबाईल विसरली.

पण नावाचं काय ते! 'महाद' म्हणून जरा थांबतो आणि मग 'जी' म्हणतो, जणू आदरासाठी मागून लावलाय. अरे, दत्ताजी, जनकोजी, तसेच महादजी. रिक्षावालेसुद्धा अजून 'शिंदे की छावनी' म्हणतात, हा मात्र सगळीकडे 'सिंधिया'. वर 'द ग्रेट मराठा' आणि 'वकील-ए-मुतलक' चालूच. तेही बादशहाच्या सर्वाधिकारी कारभाऱ्याचं पद 1784 मध्ये मुघल बादशहा शाह आलमनं दिलं ते पेशव्यांच्या नावानं, महादजी त्यांचे नायब, म्हणजे दुय्यम.

'पाटीलबाबा' मात्र एकदाही नाही! त्या काळच्या मराठी पत्रांत 'पाटीलबावा' म्हटलं की महादजीच. शिंदे मूळचे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे पाटील, आणि दिल्लीचा कारभार हाती आल्यावरही महादजी स्वतःला पाटीलच म्हणवत. मी हे सांगितल्यावर भाचेसून म्हणाली, "केवढा साधेपणा, मावशी!" साधेपणा कसला? बादशहाची मर्जी आज आहे, उद्या नाही; पाटीलकी म्हणजे वतन, ती पिढ्यान्‌पिढ्या चालते. शिवाय एवढी फौज बाळगणारा माणूस पुण्यात 'आम्ही आपले पाटील' म्हणाला, की नाना फडणवीसांनी बोट ठेवायचं कुठे? मुरलेलं राजकारण होतं ते. गाईडला सांगितलं तर बिचाऱ्यानं वहीत टिपून घेतलं. हा त्याचा मोठा गुण.

सहल बाड्यावरच संपते. तिथून नया बाजारात बहादुराकडे लाडू खायला आपले आपण जायचं, ते पैशांत धरलेलं नाही. मराठीत सांगणारं कुणी मिळेल असं फोनवर म्हणाले होते, आला हिंदीवालाच. साडेतीन तारे. बाड्यावर गाडी लावायची सोय विचारू नका, रिक्षानंच या.