दोनशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड: लिनक्सच्या डेस्कटॉपला कधी घ्यावं, कधी नाही

डेस्कटॉपचा आवाज गेला आणि त्यावर लिनक्स असलं, की दुरुस्तीवाल्याचं उत्तर बहुधा तयारच असतं: "बोर्डाचा साउंड गेलाय बघा, यूएसबी कार्ड लावून टाका." हे कार्ड म्हणजे अंगठ्याएवढी प्लास्टिकची डबी. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला साडेतीन मिलिमीटरची दोन भोकं, हिरवं स्पीकरचं आणि गुलाबी माइकचं. सोलापुरात नवी पेठेत मोबाइलचं सामान विकणाऱ्या दुकानांत साधारण दीडशे ते अडीचशे रुपयांत मिळतं. वस्तू पैसे वसूल करणारी आहे, पण ज्यांना ती विकली जाते त्यातल्या बऱ्याच जणांना तिची गरजच नसते.

म्हणून आधी घरचं तपासा. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून 'एप्ले -एल' (aplay -l) चालवा. यादीत 'एचडीए इंटेल' किंवा एएमडीच्या मदरबोर्डावर 'एचडी-ऑडिओ जेनेरिक', आणि पुढे 'एएलसी ८८७', 'एएलसी ८९२', 'एएलसी ६६२' असं काही दिसलं तर बोर्डावरची रिअलटेक कंपनीची आवाजाची चिप कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, दिसते आहे. मग कार्ड विकत घ्यायची घाई नको. यादीत फक्त एचडीएमआय असेल तर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन ऑनबोर्ड ऑडिओ बंद केलेला आहे का ते बघा. बोर्डावरचा सेल संपून बायोसची सेटिंग मूळ पदावर गेली, की बदललेल्या सेटिंगा पुसल्या जातात. बायोसमध्ये चालू असूनही चिप यादीत येत नसेल, तेव्हा बोर्डावर शंका घ्यायला जागा आहे.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण एचडीएमआयच असतं. नवा मॉनिटर एचडीएमआयने जोडला की आवाज तिकडे वळतो, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतात. वर आवाजाची पट्टी शंभर टक्के दाखवत राहते, कारण आवाज जातोच आहे, फक्त ऐकायला कोणी नाही. 'पाव्हूकंट्रोल' (pavucontrol) हे छोटं पॅकेज टाका, 'कॉन्फिगरेशन'मध्ये बोर्डाच्या कार्डाला 'ॲनालॉग स्टिरिओ' प्रोफाइल द्या आणि 'आउटपुट डिव्हायसेस'मध्ये त्यालाच हिरवी खूण करा. तिथे 'ऑफ' लिहिलेलं सापडलं तर तेच दुखणं.

त्यानंतर टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' (alsamixer) चालवा. एफ-६ दाबून खरं कार्ड निवडा, कारण उघडल्यावर समोर येतो तो पल्सऑडिओ किंवा पाइपवायर या आवाजाच्या सर्व्हरचा (प्रोग्रामांचा आवाज कार्डापर्यंत पोचवणाऱ्या सेवेचा) एकच दांडा आणि त्यावरून काही कळत नाही. मास्टर, फ्रंट, हेडफोन यांपैकी ज्याच्या खाली 'एमएम' असेल तो म्यूट आहे. त्यावर जाऊन एम दाबला की 'शून्य शून्य' होतं. तिथेच उजवीकडे सरकत गेलं की 'ऑटो-म्यूट मोड' सापडतो. पुढच्या पॅनेलच्या जॅकमध्ये हेडफोन आहे असं चिपला वाटलं, तर ती मागचा हिरवा जॅक बंद करते. हेडफोन नसतानाही तिला तसं वाटू शकतं: जॅकच्या आतली बारीक पत्ती अडकलेली असते, किंवा कॅबिनेट जुन्या एसी-९७ पद्धतीचं असून त्याची तार एचडी ऑडिओच्या पिनांवर बसवलेली असते. पूर्व भागात यंत्रमागाशेजारी ठेवलेल्या हिशेबाच्या पीसीत तर जॅकमध्ये सुताचं तूस भरलेलं असतं. पीसी बंद करून कोरड्या ब्रशने किंवा ब्लोअरने साफ करा. टाचणी घालू नका, पत्ती वाकते. साफ करूनही जमलं नाही तर ऑटो-म्यूट 'डिसेबल्ड' करा, मग 'सुडो अल्सासीटीएल स्टोअर' (sudo alsactl store) चालवून ठेवा म्हणजे सेटिंग रीबूटनंतरही टिकेल.

आवाजाच्या सेटिंगमध्ये कार्डाच्या जागी 'डमी आउटपुट' दिसत असेल, तर आवाजाच्या सर्व्हरला कार्ड मिळालेलं नाही. लिनक्सच्या मिंट २२ आणि उबुंटू २२.१० या आवृत्त्यांपासून हा सर्व्हर पाइपवायर आहे, त्याआधी पल्सऑडिओ होता. जुन्या लेखांतल्या सूचना आंधळेपणाने वापरू नका. पाइपवायरसाठी 'सिस्टिमसीटीएल --युजर रिस्टार्ट पाइपवायर वायरप्लंबर पाइपवायर-पल्स' (systemctl --user restart pipewire wireplumber pipewire-pulse) पुरतं. पुढे सुडो लावायचा नाही, कारण ही सेवा रूटची, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याची, नसून लॉगिन केलेल्या माणसाच्या नावाने चालते. तरी डमीच राहिलं तर 'सुडो फ्युजर -व्ही /डेव्ह/एसएनडी/*' (sudo fuser -v /dev/snd/*) सांगतो की कार्ड कोणी धरून ठेवलं आहे. कीबोर्ड-हार्मोनियमवाले मिडीसाठी (पीसीवर वाद्याचे सूर वाजवण्यासाठी) टिमिडिटी नावाची प्रणाली टाकतात. तिची पार्श्वभूमीतली सेवा हे हमखास करते. ती काढा किंवा बंद करा. आणि त्याच पीसीत लिनक्सशेजारी विंडोज असेल तर त्यातलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करून पीसी एकदा पूर्ण बंद करा, प्लगही काढा. विंडोज चिप अर्धवट झोपेत सोडतं आणि लिनक्सला ती कधीकधी जागी करता येत नाही.

एवढं करून मुकाच असेल, तर कार्ड घ्या. आता कार्डाविषयी.

लिनक्सवर याला ड्रायव्हर लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. खोक्यात सीडी निघाली तर ती बाजूला ठेवा. हे यूएसबी ऑडिओ क्लासचं, म्हणजे सगळ्यांसाठी ठरलेल्या एकाच पद्धतीने चालणारं साधन आहे आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. लावल्यावर 'एलएसयूएसबी' (lsusb) या आज्ञेत सी-मीडिया हे कंपनीचं नाव आणि '०डी८सी' (0d8c) हा विक्रेता क्रमांक दिसला तर आत सीएम-१०८ घराण्यातली चिप आहे. जुनी, साधी, पण वागणूक ठाऊक असलेली. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ, दोन चॅनेल. हिशेब केला तर आवाजाला सेकंदाला सुमारे १५ लाख ३६ हजार बिट लागतात, म्हणजे यूएसबीच्या जुन्या १२ मेगाबिटच्या वेगातही भरपूर जागा उरते. म्हणून निळं यूएसबी ३ पोर्ट यासाठी अडवू नका, मागचं काळं पोर्ट पुरतं. पुढचं पोर्ट मात्र टाळा, तिथल्या लांब तारेमुळे कुरकुर येऊ शकते.

पाकिटावर '७.१ सराउंड' छापलेलं असतं. दोन चॅनेलच्या भोकातून आठ चॅनेल निघत नाहीत. तो आवाजावर केलेला सॉफ्टवेअरचा रंग असतो, आणि लिनक्सवर तोही नसतो. त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका.

आवाज कसा आहे? भजन, बातम्या, शाळेचे व्हिडिओ, ऑनलाइन बैठक यांना ठीक. साध्या ३२ ओहमच्या हेडफोनला पुरेसा जोर मिळतो. हेडफोन लावून शांत जागी ऐकलं तर हलकी सळसळ जाणवते. स्पीकरवर ती लक्षात येत नाही. बोर्डाचा रिअलटेक धड असेल तर तो बहुधा याच्यापेक्षा स्वच्छ वाजतो, त्यामुळे 'सुधारणा' म्हणून हे घेण्यात अर्थ नाही.

माइकची बाजू कच्ची. भोक मोनो आहे आणि आवाज बारीक येतो. 'अल्सामिक्सर'मध्ये एफ-६ ने हे कार्ड निवडून एफ-४ दाबा, कॅप्चर वाढवा. 'ऑटो गेन कंट्रोल' चालू असेल तर बोलणं थांबताच पंख्याची घरघर फुगत येते. उन्हाळ्यात सोलापुरात पंखा बंद ठेवता येत नाही, तेव्हा ते बंद करा. स्वतःचाच आवाज कानात ऐकू येत असेल तर एफ-३ च्या पानावरचा 'माइक' म्यूट करा, रेकॉर्डिंगवर परिणाम होत नाही. मोबाइलच्या माइकवाल्या इअरफोनची चार पट्ट्यांची पिन इथे चालणार नाही. हेडफोन आणि माइक वेगळा करणारी वाय-तार लागते.

लावल्यावर आवाज आपोआप वळला नाही तर 'डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस' (wpctl status) मध्ये 'सिंक्स'खालचा त्याचा क्रमांक बघून 'डब्ल्यूपीसीटीएल सेट-डीफॉल्ट' (wpctl set-default) पुढे तो द्या. निवड लक्षात राहते. स्क्रिप्टमध्ये मात्र कार्ड ०, कार्ड १ असे आकडे लिहू नका, ते बूटगणिक बदलू शकतात, नाव लिहा. चाचणीसाठी 'स्पीकर-टेस्ट -सी २ -टी वेव्ह' (speaker-test -c 2 -t wav), आधी डावीकडून मग उजवीकडून बाई बोलते.

स्पीकरमध्ये सतत गुणगुण येत असेल तर कार्ड बदलून उपयोग नाही. पीसी आणि स्पीकर एकाच अर्थिंग असलेल्या विजेच्या बोर्डवर लावा. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवलेली असेल तर आधी ते नीट करा, गुणगुणीपेक्षा शॉक वाईट.

टाइप-सीचा पन्नास रुपयांचा जॅक-ॲडॉप्टर स्वस्तात तेच काम करेल असं समजू नका. त्यातल्या कित्येकांत चिपच नसते, फक्त तारा असतात, आणि पीसीच्या पोर्टला ते काहीच सांगत नाहीत. यूएसबीच्या डबीतही दुकानातच पिन घालून हलवून बघा. सैल भोक हा हिचा नेहमीचा रोग. हलवताना एक कान जात असेल तर दुसरी डबी मागा.