फोटो प्रिंटसाठी कास्ट-कोटेड पेपर घ्यावा का?

चाचणी प्रिंटपुरता घ्या, अल्बमसाठी नको. १८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचा) कास्ट-कोटेड ग्लॉसी पेपर, म्हणजे साध्या कागदावर चकचकीत लेप दिलेला इंकजेट पेपर, स्वस्त पडतो, पण गडद फोटोत शाईच्या ओलाव्याने वाकतो. मग उचललेली कड प्रिंट हेडला घासते आणि शाई फासते. २६० जीएसएमचा मायक्रोपोरस आरसी पेपर (प्लास्टिकचा थर आणि वर सूक्ष्म छिद्रांचा लेप असलेला) बराच सपाट राहतो, शाईही लगेच धरतो.

ठिपक्यांची सरळ रांग दिसली तर ती कागद बाहेर पडतो तिथल्या दातेरी चाकांची: शाई ओली असतानाच कागद त्यांच्याखालून जातो. ड्रायव्हरमध्ये (कॉम्प्युटरवरच्या प्रिंटर सेटिंगमध्ये) कागदाचा प्रकार ‘प्लेन पेपर’ राहिला असेल तर आधी तेच बदला. तिथलाच ‘हाय स्पीड’ पर्याय बंद करा, मागच्या ट्रेमधून एकेकच कागद द्या. रोलरवरची शाई निघेपर्यंत कोरे कागद फिरवा. उमटलेला ठसा मात्र चोळू नका, चकाकी जाते. प्रिंट नव्यानेच काढा.