बी-बॉट: सात बटणांची मधमाशी, नागपूरच्या फरशीवर

चार ते सात वर्षांच्या लेकरांना ‘आधी काय, मग काय’ शिकवायला बी-बॉट हे मधमाशीच्या आकाराचं, फरशीवर चालणारं रोबो-खेळणं टॅबलेटपेक्षा उजवं. स्क्रीन नाही, पाठीवर सात बटणं. बाण दाबायचे, मग ‘गो’. एक पाऊल 15 सेंटीमीटरचं, वळण 90 अंशांचं. त्यामुळे महागडी चटई कशाला? खडूने फरशीवर 15 सेंमीचे चौकोन आखा, त्यांत झिरो माइल, सीताबर्डी, फुटाळा अशी नागपुरातली ठिकाणं लिहा. जिथे पोहोचायचं त्या चौकोनात संत्रं ठेवा.

वळणाचं बटण मधमाशीला जागच्या जागी फिरवतं, पण वळली की ती पुढच्या चौकोनातही जाईल, असं मुलं धरूनच चालतात. त्याहून मोठा घोळ जुन्या सूचनांचा: त्या आपोआप पुसल्या जात नाहीत. पुसण्याचं ‘क्रॉस’ बटण न दाबता नव्या दिल्या की त्या जुन्यांच्या मागे जोडल्या जातात आणि स्वारी भलतीकडेच निघते.

खरी उणीव म्हणजे दाबलेला क्रम कुठेच दिसत नाही. म्हणून बाणांची कार्डं आधी ओळीत मांडायची, चुकलेलं कार्ड मुलालाच शोधू द्यायचं.

घरी एकट्यासाठी किंमत जड. बालवाडीत तीन-चार जणांत एक पुरतं.