६५ रुपयांची लादी २५३ला कशी पडली: १४ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

गोरेगाव पूर्वेला, १९८३ साली बांधलेल्या इमारतीत आमचं चौथ्या मजल्यावर घर आहे. कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ५४० चौरस फूट, आणि सगळीकडे मूळची मोझेक लादी. मागच्या आधीच्या नोव्हेंबरमध्ये आम्ही एका दमात चार खोल्यांत चार प्रकार केले: हॉल आणि पॅसेजमध्ये जुन्या मोझेकलाच पॉलिश, आमच्या बेडरूममध्ये इंजिनिअर्ड ओक (प्लायवर ओक लाकडाचा पातळ थर), सासूबाईंच्या खोलीत एसपीसी (दगडाची पूड आणि प्लास्टिकच्या पट्ट्या) आणि स्वयंपाकघरात व्हिट्रिफाइड (भट्टीत भाजलेली, पाणी न शोषणारी) लादी. मध्ये एक अख्खा पावसाळा गेला. सगळ्या पावत्या जपून ठेवल्या होत्या, म्हणून हे नीट लिहिता येतंय.

मला खरं तर अस्सल सागवानी जमीन हवी होती. रे रोडला वखारीत चौकशी केली, तेव्हा चांगल्या सागाचा भाव घनफुटाला ४,००० रुपये सांगितला. एक घनफूट लाकडातून एक इंच जाडीच्या फळ्या काढल्या तर १२ चौरस फूट निघतात. रंधा मारून, गाठी आणि फुटलेली टोकं काढून हातात नऊच उरतात. म्हणजे नुसतं लाकूडच चौरस फुटाला साधारण ४४५ रुपये. त्यावर खाचा पाडणं, खालच्या पट्ट्या, सुताराची मजुरी, पॉलिश धरून आकडा ९५०च्या पुढे गेला. सागाचा विचार तिथेच सोडला.

दुकानात सगळे चौरस फुटाचा भाव सांगतात, आणि आपण त्यावरच तुलना करत बसतो. घरी लादी बसेपर्यंत तो भाव कुठल्या कुठे जातो. आमच्या स्वयंपाकघराचंच घ्या. ६० चौरस फूट जागा, लादी साधी मॅट फिनिशची, दोन बाय दोन, ६५ रुपयांची. मोरीकडचा उतार बिघडला होता, म्हणून जुनी लादी फोडण्याला पर्याय नव्हता. तुटफूट धरून लादीचे झाले ४,२९०. कडियाची, म्हणजे गवंड्याची, मजुरी २,७००, सिमेंट-रेती ३,०००, फोडाई १,५००. राबीटच्या, म्हणजे फोडलेल्या लादी-सिमेंटच्या ढिगाऱ्याच्या, ३० गोण्या निघाल्या. सोसायटी राबीट लिफ्टमधून नेऊ देत नाही, त्यामुळे चार मजले खाली उतरवायचे गोणीला ४० रुपये, आणि टेम्पोचे २,५००. एकूण १५,१९०. चौरस फुटाला २५३ रुपये! लादीची किंमत त्यात एक तृतीयांशसुद्धा होत नाही. टेम्पोचं भाडं ६० फुटांना तेवढंच, आणि ३०० फुटांनाही फार वाढत नाही. म्हणून फोडकाम करायचंच असेल तर एकेक खोली करून करू नका.

सासूबाईंच्या खोलीत मात्र फोडकाम नव्हतं. एसपीसी म्हणजे चुनखडीची पूड आणि पीव्हीसी एकत्र दाबून केलेल्या पट्ट्या, खटक्यात खटका अडकवून थेट जुन्या लादीवर बसतात. ५ मिलिमीटर जाडी, १३० रुपये भाव. १०० चौरस फुटांचं सगळं मिळून १८,१०० झाले, म्हणजे १८१ रुपये. दुकानात दुप्पट महाग दिसणारी वस्तू घरात लादीपेक्षा स्वस्त पडली. एका दिवसात काम झालं आणि रात्री सासूबाई तिथेच झोपल्या.

वजनाचंही सांगते, कारण आमच्या सेक्रेटरी काकांनी पहिल्याच दिवशी ते विचारलं होतं. मोझेकवर पुन्हा सिमेंट-रेतीचा माल टाकून दुसरी लादी बसवली, तर ५ सेंटिमीटर मालाचंच वजन चौरस फुटाला नऊ किलोच्या आसपास जातं, वर लादीचे दोन किलो वेगळे. शंभर फुटांच्या खोलीत टनाहून जास्त भार स्लॅबवर कायमचा. एसपीसीचा भार फुटाला एक किलोच्या आसपास. चाळीस वर्षांच्या इमारतीत हा फरक मला पैशांपेक्षा मोठा वाटतो.

आता ओक. १४ मिलिमीटरची पट्टी, वर ओकचा ३ मिलिमीटरचा थर, खाली प्लाय. ४२० रुपये भाव, आणि खालचा फोम, लेव्हलिंग, स्कर्टिंग (भिंतीलगतची पट्टी) धरून १२० फुटांना ६७,२४० रुपये. म्हणजे फुटाला ५६०. पहिले सहा महिने मी रोज सकाळी अनवाणी उतरून खूश व्हायचे. थंडीत गार लागत नाही, पायाला मऊ ऊब असते, आवाज घुमत नाही. जुलैत हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर गेला आणि एका रात्री वाऱ्याने खिडकीतून पाणी आत आलं. सकाळी पुसलं, पण आठवड्याभरात खिडकीजवळच्या चार पट्ट्यांच्या कडा वर आल्या. लाकडाने ओल धरली की ते रुंदीत फुगतं. भिंतीशी १० मिलिमीटर फट सोडली होती म्हणून पूर्ण जमीन उचलली नाही, नाहीतर मधूनच फुगली असती. दिवाळीपर्यंत कडा बऱ्याच बसल्या, काळपट डाग मात्र राहिला.

शिवाय लादी पुसण्याची सवय बदलावी लागली. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी बादलीभर पाण्यात फडकं बुडवून पुसायच्या, तसं ओकवर चालत नाही. फडकं घट्ट पिळून घ्यायचं, हे त्यांना पटवायला दोन महिने लागले. दाराशी १६ मिलिमीटरची पायरी झाली होती. सासूबाई दोनदा अडखळल्या, तेव्हा सुताराकडून उतरती पट्टी लावून घेतली. ही पट्टी पहिल्याच दिवशी मागून घ्या.

एसपीसीला पाण्याची भीती नाही, हे पावसाळ्यात सिद्ध झालं. चालताना पोकळ आवाज येतो, तो आजही खटकतो. लोखंडी कॉट सरकवली तेव्हा लांब ओरखडा पडला. ही पट्टी घासून नीट करता येत नाही, बदलावीच लागते. एक खोकं जास्त घेतलं होतं म्हणून निभावलं.

सगळ्यात आनंद दिला तो हॉलने. मोझेक म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेले संगमरवराचे खडे. चाळीस वर्षांत ते काळवंडले होते इतकंच. पॉलिशवाल्याने मशीनवर जाड दगडापासून बारीकपर्यंत घासत नेलं, सांध्यांत सिमेंट भरलं, आणि आत दडलेले हिरवे, तांबूस खडे वर आले. तीन दिवस घरभर चिखल होता, पण २१० फुटांचे सगळे मिळून ८,२०० रुपये, म्हणजे फुटाला ३९. गणपतीत दीडशे माणसं येऊन गेली, ओले पाय, समईचं तेल, सांडलेला चहा, सगळं पुसून निघालं. फक्त कोकम आणि लिंबू लगेच पुसा, आंबट पदार्थाने संगमरवराची झळाळी जाते. देव्हाऱ्याजवळ आमच्याकडे असा एक फिका ठिपका आहे.

बेडरूममध्येही मोझेकच ठेवून वर सतरंजी अंथरली असती तर साठ हजार वाचले असते, असं मला आता वाटतं. नवऱ्याला तसं वाटत नाही, त्याला ओक मनापासून आवडतं. येत्या मेमध्ये आधी खिडकीला बाहेरून छज्जा करून घेणार, मग त्या चार पट्ट्या बदलणार. गेल्या आठवड्यात दुकानात विचारलं, भाव आता ४६० आहे, आणि त्याच छटेचा माल मिळेलच असं ते म्हणत नाहीत.